गुलामगिरी आणि ख्रिस्तसभेची शिकवण : एका बदलाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञेने कॅथलिक ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातील एका परिच्छेदाचा मजकूर बदलण्यात आला. देहान्ताची शिक्षा ग्राह्य नाही, असे तेथे नव्याने नमूद झाले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या याच ग्रंथाने अत्यंत गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत राज्यसत्तेचा तो अधिकार नाकारला नव्हता. हा बदल वाचून अनेक भाविकांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. काल जे चालत होते ते आज चालत नाही, तर आज जे शिकवले जाते ते उद्या टिकेल कशावरून? धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न पुढे येतो, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी आमचे वाचक असलेल्या धर्मगुरूंवर व धर्मशिक्षकांवर येऊन पडते.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे, की ख्रिस्तसभेची शिकवण कधी बदललीच नाही. बदलले ते केवळ शब्द. दुसरे असे, की काळ बदलतो तशी शिकवणही बदलते. त्यात विशेष ते काय? पहिले उत्तर देणारा मनुष्य श्रद्धेचे रक्षण करू पाहतो, दुसरे देणारा काळाचे भान राखू पाहतो. दोघांचाही हेतू चांगला आहे. परंतु दोन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत, असे आमचे मत आहे. ते सिद्ध करण्यासाठी आम्ही येथे एकच उदाहरण घेत आहोत. ते आहे गुलामगिरीचे. सामाजिक प्रश्नांवरील शिकवणीत इतका दीर्घ, इतका स्पष्ट आणि आपल्या अंतःकरणाला इतका बोचणारा बदल दुसरा क्वचितच सापडेल.

२. आरंभीची शतके

नव्या करारातील सर्वांत लहान पत्रांपैकी एक फिलेमोनास लिहिलेले आहे. पळून गेलेला दास अनेसिम याला पौल त्याच्या धन्याकडे परत पाठवतो. परंतु दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून त्याचा स्वीकार व्हावा, अशी विनंती करतो. या छोट्या पत्रात पुढील अठरा शतकांचा सारा पेच साठवलेला आहे. दास आणि धनी हे ख्रिस्तामध्ये भाऊ आहेत, हे सत्य तेथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तथापि दासप्रथा मोडून टाका, असे तेथे म्हटलेले नाही.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती समाज याच पेचात राहिला. सुमारे ३४० साली गांग्रा येथे भरलेल्या धर्मसभेने, धर्माचे निमित्त सांगून दासाला धन्याची सेवा सोडून जाण्यास शिकवणाऱ्यांचा धिक्कार केला. याउलट चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात निस्साचे बिशप संत ग्रेगरी यांनी उपदेशकाच्या पुस्तकावरील आपल्या प्रवचनात दासाचे मालक होण्याच्या कल्पनेवरच प्रहार केला. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या मनुष्याचे मोल कोण करणार आणि कोणत्या नाण्यात करणार, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. हा आवाज त्या काळी जवळजवळ एकाकी राहिला. संत अगस्तीन यांनी दास्य हे देवाच्या मूळ योजनेतील नसून पापाचा परिणाम आहे असे मांडले, पण ते सोसावे असाच त्यांचा उपदेश होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही निसर्गतः मनुष्य दास म्हणून जन्मत नाही हे मान्य केले. परंतु मानवी व्यवहारातून उत्पन्न झालेली व्यवस्था म्हणून त्यांनी तिला जागा दिली.

यातून पुढे एक सिद्धान्त स्थिर झाला. गुलामगिरी स्वतः पाप नव्हे. ती न्याय्य कारणाने उत्पन्न झाली आहे की अन्याय्य, एवढेच पाहावयाचे. न्याय्य युद्धातील कैद, दासीच्या पोटी जन्म, घोर दारिद्र्यात स्वतःची केलेली विक्री, ही ती न्याय्य कारणे. विद्यालयांतील धर्मपंडितांना ही मांडणी पुरेशी वाटली. तिचे प्रत्यक्ष रूप समुद्रावर दिसून आले.

३. आज्ञापत्रे आणि त्यांतील विसंगती

१४३५ साली पोप यूजिन चौथे यांनी कॅनरी बेटांतील रहिवाशांना पकडून दास करणाऱ्यांना, त्यांची पंधरा दिवसांत मुक्तता करा, नाही तर बहिष्कृत व्हाल, असे बजावले. येथे प्रश्न मुख्यतः नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचा होता. अवघ्या सतरा वर्षांनी, १४५२ मध्ये, पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालचा राजा अफोन्सो पाचवा यास दिलेल्या आज्ञापत्रात मुसलमान व इतर अख्रिस्ती लोकांचे प्रदेश जिंकण्याची आणि त्यांना कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली. १४५५ च्या आज्ञापत्राने तिला दुजोरा मिळाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे भरून नेणाऱ्या जहाजांना या कागदांचा आधार होता, हे नाकारता येत नाही.

१५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांविषयी प्रसिद्ध आज्ञापत्र काढले. हे लोक आणि पुढे ज्यांचा शोध लागेल ते सर्व लोक, श्रद्धेच्या बाहेर असले तरी, आपले स्वातंत्र्य व मालमत्ता यांना मुकू नयेत, असा त्याचा आशय होता. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे एक तेजस्वी पान आहे. परंतु त्याच्याच शेजारची पानेही वाचली पाहिजेत. सम्राट चार्ल्स याच्या दडपणामुळे त्या आज्ञेला जोडलेल्या शिक्षेचे पत्र १५३८ मध्ये मागे घ्यावे लागले. आणि १५४८ साली याच पोपांनी रोम शहरात दास बाळगण्याचा रहिवाशांचा हक्क मान्य केला. पोप अर्बन आठवे यांनी १६३९ मध्ये आणि पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ मध्ये पुन्हा दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा पक्ष घेतला. आफ्रिकेतून आणलेल्या दासांचे दुःख मात्र या पत्रांच्या कक्षेबाहेर राहिले.

४. आपल्या दाराशी

हा इतिहास दूरदेशीचा आहे, असे आमच्या वाचकांनी समजू नये. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर तेथील बाजारात आफ्रिकेतून व आशियातील अनेक प्रांतांतून आणलेली माणसे विकली जाऊ लागली. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी असलेल्या लिन्स्खोतेन या डच लेखकाने, शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज भरणाऱ्या लिलावात स्त्री-पुरुष दास जनावरांप्रमाणे विकले जात, असे आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे. ज्या रस्त्यावर हा लिलाव चाले, त्याच रस्त्याने मिरवणुका जात. मठ व महाविद्यालये यांच्या सेवेतही दास होते.

१५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेपुढे हा विषय आला. अनेकांना अन्यायाने दास केले जाते हे परिषदेला दिसत होते. तिने कोणत्या कारणांनी दास्य न्याय्य ठरते ते ठरवून दिले आणि त्याबाहेरील दास्य अन्याय्य मानले. त्या काळाच्या मानाने हे पाऊल पुढचेच होते. परंतु लिलावात उभ्या असलेल्या स्त्रीला तिच्या दास्याचे कारण विचारणार कोण, आणि तिचे उत्तर ऐकून खरेदीचा सौदा मोडणार कोण? न्याय्य कारणांची यादी करणाऱ्यांनी बाजार बंद केला नाही. यादीमुळे विकत घेणाऱ्याच्या मनाची टोचणी तेवढी शमली.

बेळगावच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी बांधवांची वस्ती आहे. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून दास म्हणून आणले गेले आणि पुढे गोव्यातून सुटून अथवा पळून घाटावरील रानांत येऊन राहिले, असे इतिहासकार मानतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. कर्नाटकातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. ज्यांच्या पूर्वजांना ख्रिस्ती माणसांनी विकले, त्यांची लेकरे आज त्याच ख्रिस्ताच्या वेदीसमोर गुडघे टेकतात. हा प्रसंग ज्याने डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला आमच्या विषयाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

५. आधी बोलले कोण?

शिकवणीत बदल होतो तेव्हा तो प्रथम रोममध्ये होतो, असा एक समज आहे. प्रस्तुत इतिहास तसे सांगत नाही. बार्तोलोमे दे लास कासास या डॉमिनिकन बिशपांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांसाठी आयुष्य वेचले. परंतु आरंभी त्यांनीच, त्यांचे ओझे हलके व्हावे म्हणून, आफ्रिकी दास आणण्याची सूचना केली होती. पुढे आफ्रिकेतील दासही अन्यायानेच पकडले जातात हे कळल्यावर त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात या चुकीचा पश्चात्ताप लिहून ठेवला. पोर्तुगालमध्ये फेर्नांव द ओलिव्हैरा या धर्मगुरूंनी १५५५ साली आपल्या देशबांधवांच्या दासव्यापाराची उघड निर्भर्त्सना केली. संत पीटर क्लेव्हर यांनी कार्ताहेना बंदरात उतरणाऱ्या दासांची चाळीस वर्षांच्या आसपास सेवा केली. मात्र सेवेने जखमा बांधल्या गेल्या, साखळी तुटली नाही.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना १६८० नंतरच्या दशकातील आहे. लोरेन्सो दा सिल्व्हा दे मेंदोन्सा नावाचे, आफ्रिकेतील राजवंशाशी नाते सांगणारे एक प्रापंचिक कॅथलिक गृहस्थ रोमला गेले. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. ख्रिस्ती दासांवर होणारे अत्याचार आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दास्य याविरुद्ध त्यांनी पोपमहाशयांपुढे दाद मागितली. त्याच सुमारास कापुचिन धर्मगुरूंनी दासव्यापारातील अन्यायांचे मुद्देवार विवेचन सादर केले. २० मार्च १६८६ रोजी होली ऑफिस या रोममधील सर्वोच्च धर्मतात्त्विक कार्यालयाने ते मुद्दे मान्य केले. निष्पाप लोकांना बळाने वा कपटाने पकडणे, त्यांची खरेदी-विक्री करणे अयोग्य आहे. अशांना मुक्त करून भरपाई दिली पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. निर्णय झाला, परंतु राजसत्ता आणि व्यापारी यांच्यापुढे तो कागदावरच राहिला. तरीसुद्धा सोसणाऱ्याची साक्ष रोमच्या दप्तरात शिरली, ही गोष्ट लहान नाही.

६. एकोणिसावे शतक

३ डिसेंबर १८३९ रोजी पोप ग्रेगरी सोळावे यांनी दासव्यापाराचा स्पष्ट निषेध केला, आणि या वेळी आफ्रिकेतील लोकांचा नामनिर्देश केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८३८ मध्ये, अमेरिकेतील मेरीलँड येथील जेझुइट संघाने आपल्या मालकीचे २७२ दास लुइझियानातील मळेवाल्यांना विकले होते. पोपमहाशयांचे पत्र अमेरिकेत पोहोचल्यावर चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी जाहीर पत्रांतून असा खुलासा केला, की हा निषेध दासांच्या व्यापाराचा आहे. देशात आधीपासून असलेल्या दासप्रथेचा नव्हे. बिशपमहाशयांना ती प्रथा प्रिय नव्हती. परंतु आपल्या छोट्या कॅथलिक समाजावर रोष ओढवू नये, ही त्यांची काळजी होती. अशा काळज्यांनी किती सत्ये लांबणीवर पडली असतील!

१८६६ साली होली ऑफिसने आफ्रिकेतील एका मिशन क्षेत्राच्या शंकांना उत्तर देताना पुन्हा जुनाच सिद्धान्त सांगितला. दास्य स्वतःच्या मूळ स्वरूपात निसर्गनियमाच्या व ईश्वरी नियमाच्या विरुद्ध नाही, त्याला न्याय्य कारणे असू शकतात, असे ते उत्तर होते. तोपर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने दास्याची कायदेशीर मान्यता संपली होती, अमेरिकेत यादवी युद्धानंतर ते बंद झाले होते, आणि १८६९ मध्ये पोर्तुगालही आपल्या वसाहतींत ते संपुष्टात आणण्याचा हुकूम काढणार होता. या प्रश्नात कायदा पुढे गेला आणि धर्मपंडित मागे राहिले, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. शिकवणीच्या विकासावर १८४५ साली अजोड ग्रंथ लिहिणारे संत जॉन हेन्री न्यूमन यांनीही १८६३ मधील एका खासगी पत्रात दास्य हे मुळातच दुष्ट आहे असे म्हणण्याचे टाळले होते. इतक्या मोठ्या बुद्धीलाही आपल्या काळाची भिंत असते.

५ मे १८८८ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ब्राझीलच्या बिशपांना परिपत्रक लिहून तेथील दासमुक्तीचे स्वागत केले; आठच दिवसांनी ब्राझीलमध्ये दासमुक्तीचा कायदा झाला. कार्डिनल लाविजरी यांना त्यांनी आफ्रिकेतील दासव्यापाराविरुद्ध युरोपभर मोहीम चालवण्यास पाठबळ दिले. या परिपत्रकात दासांचा कैवार घेणाऱ्या पूर्वीच्या पोपांची नावे आदराने दिली आहेत. निकोलस पाचवे यांच्या १४५२ च्या आज्ञापत्राचा उल्लेख मात्र त्यात आढळत नाही. ख्रिस्तसभा प्रथमपासून दास्याच्या विरोधातच होती, हा आपल्याकडे रूढ झालेला समज अशा निवडक स्मरणातूनच निर्माण झाला.

विसाव्या शतकात शेवटचा पडदा दूर झाला. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या घटनापत्रात दास्याची गणना मानवी प्रतिष्ठेवरील घोर आघातांमध्ये केली. १९९३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच यादीचा आधार घेऊन, कोणत्याही हेतूने वा परिस्थितीने चांगली न ठरणारी, मुळातच दुष्ट अशी कृत्ये कोणती, हे सांगितले. त्याआधी १९९२ मध्ये सेनेगालच्या किनाऱ्याजवळील गोरे बेटावर, जेथून दासांना जहाजांत चढवले जाई, तेथे उभे राहून त्यांनी या पापाबद्दल क्षमायाचना केली होती. ३० मार्च २०२३ रोजी रोममधील दोन विभागांनी संयुक्त निवेदन काढून, पंधराव्या शतकातील त्या आज्ञापत्रांत मूळ रहिवाशांच्या समान प्रतिष्ठेचे पुरेसे प्रतिबिंब पडले नव्हते, असे मान्य केले.

७. काय बदलले आणि काय नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८६६ मध्ये जे निसर्गनियमाच्या विरुद्ध नाही असे सांगितले, ते शंभर वर्षांनी मानवी प्रतिष्ठेवरील घोर आघात ठरले. याला केवळ शब्दांतील फरक म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. एका सामाजिक व्यवस्थेविषयीचा नैतिक निर्णय येथे बदलला. पार उलटा झाला. तेव्हा पहिले उत्तर टिकत नाही.

परंतु दुसरे उत्तरही टिकत नाही. काळाच्या वाऱ्याबरोबर शिकवण वाहत गेली असे म्हणावे, तर त्या काळचा वारा कोणत्या दिशेने होता? तो राजांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि मळेवाल्यांच्या बाजूने वाहत होता. निकोलस पाचवे यांचे आज्ञापत्र हीच काळाशी केलेली तडजोड होती. संत ग्रेगरी, ओलिव्हैरा, मेंदोन्सा हे काळाच्या विरुद्ध उभे होते, आणि त्यांच्या हाती शस्त्र होते ते जुनेच. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे आणि प्रत्येकासाठी ख्रिस्ताने प्राण दिला आहे, हे ते शस्त्र. ही मूळ शिकवण एका दिवसासाठीही बदललेली नाही. ज्या तर्काने तिला बांधून ठेवले होते, तो तर्क गळून पडला. फिलेमोनाच्या पत्रातील भाऊ हा शब्द अखेर आपला पूर्ण अर्थ घेऊन उभा राहिला.

यावरून खऱ्या विकासाची तीन लक्षणे आम्हांस दिसतात. एक, तो शुभवर्तमानाच्या मुळाकडे नेतो, त्यापासून दूर नेत नाही. दोन, तो बलवानाची सोय करीत नाही. त्याच्यावर अधिक कठीण मागणी करतो आणि दुर्बलाला उभे करतो. तीन, सोसणाऱ्याचा आवाज अधिकाराच्या कानी पोहोचल्यावाचून तो पुरा होत नाही. बदलाची जी मागणी या कसोट्यांना उतरत नाही, तिच्याविषयी सावध राहणे हेही धर्मगुरूंचे कर्तव्यच आहे.

८. आपल्यापुढील कर्तव्य

देहान्ताच्या शिक्षेविषयी विचारणाऱ्या भाविकाला, असे कधी घडलेच नव्हते, असे सांगू नये. आणि हे असेच चालायचे, असेही सांगू नये. त्याला हा इतिहास सांगावा. ख्रिस्तसभा चुकू शकणाऱ्या माणसांच्या हातांनी न चुकणारी ठेव सांभाळते, हे त्यातून त्याला अधिक चांगले कळेल. खोट्या इतिहासावर उभी केलेली श्रद्धा पहिल्याच वाचनाने कोसळते.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःविषयी. न्याय्य दास्याची यादी करणारे ते धर्मपंडित दुष्ट नव्हते. ते विद्वान होते, प्रार्थनाशील होते, आणि आपल्या भोवतालच्या व्यवस्थेला स्वाभाविक मानण्याची त्यांना सवय झाली होती. आपल्याकडे जातीच्या बाबतीत हीच सवय किती खोल गेली आहे! भारतातील कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित बांधवांच्या सक्षमीकरणाविषयी धोरणपत्र प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद चालतो हे उघड मान्य केले. शिकवण आता स्पष्ट आहे. परंतु १६८६ चा निर्णयही स्पष्टच होता. विवाह जुळवताना, सणाच्या मिरवणुकीतील मान ठरवताना, दफनभूमीत जागा नेमताना आपण अजून कोणत्या न्याय्य कारणांची यादी हाताशी ठेवतो, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःस विचारावे. पुढील पिढीचा इतिहासकार आपल्या विवाहाच्या व दफनाच्या नोंदवह्या उघडील, तेव्हा त्याला भाऊ हा शब्द तेथे दिसावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.